आत्याच्या डोक्यातली धाकटी

आमची आत्या चिकनच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढली तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती, आणि तिला चिकन खायचं नव्हतं.

“पंख हवेत,” ती म्हणाली. “खांद्याच्या सांध्यापासून अख्खे. त्यांच्यावर सुरी चालवायची नाही, ते आपटायचे नाहीत, आणि बर्फात ठेवलेले तर मुळीच नकोत.”

दुकानदाराने हातातली सुरी खाली ठेवली. “घरी पार्टी आहे का?”

“नाही. शिवणकाम आहे.”

हा प्रसंग त्याने पुढे आम्हाला इतक्यांदा सांगितला की मी तिथे हजर होते असंच मला आता वाटतं. त्याला म्हणे त्याच दिवशी शंका आली होती की बाईंच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे. शंका खरी निघाली, पण ते बऱ्याच नंतर.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलं की म्हणायची, “वेळ झाला नाही.” विचारणाऱ्याला वाटायचं थट्टा करतेय. पण खरंच झाला नव्हता. उंची बेताची आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. तिने जेवताना मीठ मागितलं की शेजारचे दचकायचे. “हिला आयुष्यभर शिरा ताणून भांडायचंच होतं,” बाबा म्हणायचे, “विषयही शिरांचाच मिळाला, बरं झालं.”

विषय शिरांचा खरा, पण सगळ्या शिरांचा नाही. मानेतून वर चढून मेंदूच्या तळाशी पोचणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. त्यांचा मान मोठा, पुस्तकात त्यांची चित्रं पानभर. आत्याचा जीव जडला होता तो त्यांना फुटणाऱ्या बारीक फांद्यांवर. काही दोऱ्याएवढ्या, काही केसाएवढ्या. मोठ्या धमनीच्या पाठीमागून गुपचूप निघतात आणि मेंदूत खोल घुसतात. पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी आणि एक बाण. “तू जिना चढतेस, पेन धरतेस, ते या दोन ओळींच्या जिवावर,” ती मला सांगायची. मोठी धमनी तुंबली तर कधीकधी दुसऱ्या वाटेने रक्त पोचतं. या बारकीला मदतीला धावणारं बहुतेकदा कोणी नसतं. ती बंद झाली की तिच्या हद्दीतला मेंदूचा तुकडा गेला. तुकडा असतो वाटाण्याएवढा, पण अर्ध्या अंगाला जाणारे हुकूम त्यातूनच जातात.

त्यातल्या एकीवर तर तिचं विशेष प्रेम. मेंदूतल्या थोरल्या धमनीपासून निघणारी, जेमतेम दोऱ्याएवढी. तिचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. ते उच्चारेपर्यंत पेशंट हातचा जाईल, असं आत्याचं मत होतं. म्हणून ती तिला ‘धाकटी’ म्हणायची. एकदा ती फोनवर कोणावर तरी ओरडत होती, “थोरलीला काय धाड भरलीय? ती दणकट आहे. धाकटीकडे बघ! तिला धक्का लागला की सगळं घर बसलंच समज!” आईने हे स्वयंपाकघरातून ऐकलं. नंतर आठवडाभर ती मला खोदून खोदून विचारत होती की ही धाकटी कोणाकडची, आणि सासरी तिला काही त्रास आहे का.

फोनवर होता तो जिराफ. उंच, मान पुढे काढून चालणारा, बोलताना समोरच्यावर वाकणारा. एके काळी आत्याचा विद्यार्थी होता, आता मेंदूचा सर्जन झाला होता. नाव आत्यानेच ठेवलेलं. त्याने ते मुकाट स्वीकारलं होतं, कारण त्याच्या वर्गातल्या इतरांची नावं याहून वाईट होती.

हा जिराफ एका दुपारी कॉलेजातल्या तिच्या खोलीत आला आणि स्टुलावर मान खाली घालून बसला. आत्याने आधी दुर्लक्ष केलं. मग म्हणाली, “मान मोडलीय का?”

त्याने सांगितलं. एका शिंप्याचं ऑपरेशन केलं होतं. धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कच्ची असली की तिथे फुगा येतो, जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला तर माणूस जातो. म्हणून कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीकशी क्लिप लावतात, म्हणजे रक्त आत शिरत नाही. जिराफाने क्लिप सुरेख लावली. बरोबरच्यांनी वाहवा केली. शिंपी शुद्धीवर आला आणि त्याची उजवी बाजू हलेना.

“फुग्याच्या मागे धाकटी चिकटलेली होती, मॅडम. क्लिपच्या टोकात सापडली. मला दिसलीच नाही.”

आत्या काही त्याच्या पाठीवरून हात फिरवणारी बाई नव्हती. तिने कपाटातून एक मेंदू काढला. त्याच्या धमन्यांत तिने स्वतः लाल रंगाचं पातळ रबर भरून घट्ट केलेलं होतं, त्यामुळे केसाएवढी फांदीही लाल उठून दिसायची. तो तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. “बघ. आणि रडायचं असेल तर जरा लांब सरकून रड, भिंगावर वाफ येते.”

त्याने पाहिलं. या मेंदूत धाकटी एकटीच होती. आत्याने दुसरा ठेवला. त्यात त्या दोघी होत्या, जुळ्या. तिसऱ्यात धाकटी नेहमीची जागा सोडून भलतीकडूनच निघाली होती.

“यातली बरोबर कोणती?” जिराफाने विचारलं.

“सगळ्या. डोकी काय साच्यातून काढतात?” आत्याने मेंदू हातात घेऊन आडवा केला. “आणि तुझी खरी चूक सांगू का? पुस्तकात मेंदू उताणा पडलेला असतो. तू टेबलापाशी कडेच्या फटीतून डोकावतोस. घराचा नकाशा पाठ आहे म्हणून मागच्या खिडकीतून आत उडी मारल्यावर चप्पल सापडते का? त्याच फटीतून बघायला शीक. फुगा दिसला की आधी त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते विचारायचं.”

ते दोघं त्यानंतर रोज संध्याकाळी बसू लागले. डोळ्यांचं शिक्षण झालं, मग हातांचं. क्लिप लावताना बारकी शीर फाटलीच तर ती शिवता आली पाहिजे, केसाहून बारीक दोऱ्याने. सराव कशावर करणार? कोंबडीच्या पंखात एक धमनी असते, मिलिमीटरभर जाडीची. मेंदूतल्या बारक्या शिरा तेवढ्याच. म्हणून आत्या चिकनच्या दुकानात गेली. जिराफाच्या मागोमाग आणखी चार-पाच शिकाऊ सर्जन आले आणि आत्याच्या खोलीशेजारची अडगळ रिकामी करून सरावाची खोली झाली. तिथे तिचा एक नियम होता. सरावाआधी चहा प्यायचा नाही, हात थरथरतो. सर्जन लोकांनी धमनीला टाके घालणं सहन केलं, पण चहावरून दोनदा बंड केलं.

शिंपी काठी घेऊन चालायला लागला. कात्री मात्र त्याला पुन्हा धरता आली नाही. जिराफ महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन बसायचा. काय बोलायचा, कुणास ठाऊक.

इकडे दुकानदाराला चैन पडेना. बाई दर आठवड्याला पंख नेतात, नुसते पंख, आणि कोणतं शिवणकाम करतात? शेवटी एकदा तो स्वतःच पिशवी घेऊन कॉलेजात पोचला. पन्नाशीचा, टकलावर टोपी, मिशी नीट कातरलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही घरी त्याला ‘पंखवाले’ म्हणायचो आणि पुढेही तेच चालू राहिलं. गंमत म्हणजे हे पंखवाले चिकन तोंडाला लावत नसत. “दिवसभर तोच वास,” ते सांगायचे, “संध्याकाळी भाजी बघितली की डोळे निवतात.”

आत्याने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. खाली त्यांच्याच दुकानातला पंख, मधोमध मोकळी केलेली धमनी आणि तिला घातलेले टाके.

पंखवाले कितीतरी वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “इतकी वर्षं आम्ही यावर सुरा घालतोय. आत असलं काही असतं, कधी मनातच आलं नाही.”

“मेंदूत याहून सुंदर असतं,” आत्या म्हणाली. “बघायचंय?”

दुसरी कोणी बाई असती तर सिनेमाला चला म्हणाली असती.

तेव्हापासून पिशवी पोचवायचं काम पंखवाल्यांनी आपल्याकडे घेतलं, पोऱ्याला दिलं नाही. ते स्वतः येत, दाढी करून येत. आत्या त्यांना एकेक फांदी दाखवी आणि ते शाळकरी मुलासारखे पुढच्या खेपेला नावं म्हणून दाखवत. घरी आत्या पंखांच्या ताजेपणाबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलू लागली. आई मला कोपराने ढोसून म्हणाली, “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?” बाबांना यातलं काहीच कळलं नाही. ते म्हणाले, “कोंबडं कुठंय?”

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग हॉस्पिटलात एमआरआयचं नवीन मशीन आलं. पेशंट घेण्याआधी ते तपासून पाहायचं होतं आणि त्यासाठी एक निरोगी डोकं हवं होतं. आत्या सगळ्यांना ढकलून पुढे झाली. इतकी वर्षं परक्यांच्या शिरा बघितल्या, आता स्वतःच्या बघू दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मशीनमधून बाहेर येऊन ती ऐटीत पडद्यासमोर बसली आणि तंत्रज्ञाला समजावू लागली, “ही माझी थोरली. कशी बाकदार आहे बघ. आणि ही डावीकडची...” तिथे ती थांबली. डाव्या थोरलीवर, धाकटी निघते बरोबर तिथे, एक फुगा होता. फुग्याला वर आणखी एक टेंगूळ.

त्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं. “माझ्या डोक्यात फुगा आहे.”

“ते आम्हाला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे,” बाबा म्हणाले.

आत्या हसली नाही. बाबांचा घास हातातच राहिला. आईने विचारलं, “वन्सं, दुखतं का काही?”

“काही नाही. म्हणून तर कळलं नव्हतं.” मग तिने ताटात बोटाने धमनी काढून दाखवली. फुगा नुसता गोल आणि बारका असता तर वर्षानुवर्षं नजर ठेवून भागलं असतं. पण टेंगूळवाला फुगा बेभरवशाचा. मांडीतल्या धमनीतून तार वर नेऊन तो आतल्या आत बुजवता आला असता, पण याचं तोंड रुंद होतं आणि धाकटी निघत होती ती फुग्याच्या बुडातूनच. बुजवताना तीही बुजली असती. “म्हणजे कवटी उघडायची, क्लिप लावायची, आणि धाकटीला सोडून लावायची.”

“काखेत कळसा,” बाबा पुटपुटले. पुढचं त्यांच्या तोंडून आलंच नाही.

जिराफाने चित्रं पाहिली, खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, “मी नाही करणार.”

“का?”

“तुम्हाला माहितीय का.”

“शिंपी,” आत्या म्हणाली. “म्हणूनच तू. ज्याची धाकटी कधी सापडलेलीच नाही त्याच्या हाती मी डोकं देणार नाही.”

“मॅडम, माझा हात थरथरला तर?”

“तर मी उठून तुला पहिल्या वर्षात बसवीन. जा आता, चहा सोड.”

त्याच्यासमोर ती अशी वाघासारखी होती. घरी येऊन मात्र आईच्या शेजारी ओट्यापाशी उभी राहिली आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटांची उघडझाप करत राहिली. “वहिनी,” ती म्हणाली, “काय काय बिघडू शकतं ते मला क्रमवार पाठ आहे. आधी हात जाईल, मग पाय, मग नजरेची अर्धी बाजू. वाचाही अडखळेल कदाचित. अडाणी असते तर बरं झालं असतं गं. नुसती घाबरले असते. आता मुद्देसूद घाबरतेय.”

आईने तिच्या हातात निवडायची भाजी दिली. “मुद्दे संपेपर्यंत हे निवडा,” ती म्हणाली. “आणि वाचेचं म्हणाल तर तुमचा आवाज निम्मा झाला तरी शेजाऱ्यांना ऐकू जाईल.” दोघी एकदम हसल्या आणि मग आईच रडायला लागली. आत्याला तिची समजूत काढत बसावं लागलं.

पंखवाल्यांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली, पुन्हा घातली. “डावी म्हणजे उजवा हात,” एवढंच म्हणाले. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, हे शिकवलेलं पक्कं लक्षात होतं त्यांच्या.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो होतो. आत्या आत जाताना स्ट्रेचरवरून भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणत्या शिरेत सुई घालावी ते सांगत होती. दार बंद झालं आणि अचानक इतकं शांत वाटलं की कसंतरीच झालं. थोड्या वेळाने पंखवाले आले. दुकान बंद ठेवून आलेले, कपडे इस्त्रीचे. बाबांच्या शेजारी जागा होती, तिथे बसले. त्या दोघांची आजवर नमस्कारापुरतीच ओळख.

“बराच वेळ लागतोय,” बाबा म्हणाले.

“लागणारच,” पंखवाले म्हणाले. “आधी कानाच्या पुढून कवटीचा तुकडा काढायचा. मग मेंदूच्या दोन घड्यांमधली फट उसवत आत जायचं. ओढायचं नाही, उसवायचं. मग थोरली दिसते. तिच्यावर पुढून फुगा. धाकटी त्याच्या मागे.” त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उभा धरला, त्यावर उजव्या हाताची मूठ टेकवली आणि करंगळी मागून बाहेर काढली. “ही मूठ फुगा. करंगळी धाकटी. क्लिप मुठीच्या मानेला लावायची आणि करंगळी सुटी राहिली पाहिजे. अवघड ते एवढंच.”

बाबा त्या करंगळीकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, “मी तिचा सख्खा भाऊ. ती जन्मल्यापासून ओळखतो. मला यातलं एक अक्षर माहीत नाही. तुम्हाला एवढं कसं माहीत?”

“त्या शिकवतात, मी ऐकतो,” पंखवाले म्हणाले, आणि एकाएकी कानापर्यंत लाल झाले.

तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वळून आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

दुपार कलल्यावर जिराफ बाहेर आला. मान नेहमीपेक्षाही पुढे, तोंडावर मास्कचे वळ. बाबा धावत पुढे झाले आणि विचारलं, “धाकटी कशी आहे?”

“वाहतेय,” जिराफ म्हणाला. “मस्त वाहतेय.”

बाबांनी विचारलं होतं बहिणीबद्दल आणि त्याने सांगितलं शिरेबद्दल. उत्तर दोन्हीकडे लागू होतं, म्हणून कोणी दुरुस्त केलं नाही.

मग भिंतीला टेकून त्याने सगळं सांगितलं. धाकटी फुग्याच्या पाठीला चिकटून बसली होती, पापुद्र्यासारखी. सोडवायला फार वेळ लागला. क्लिप लावली, बाहेरून सगळं छान दिसत होतं. “त्या वेळीही असंच छान दिसलं होतं,” तो म्हणाला. म्हणून त्याने रक्तात एक रंग सोडायला लावला. तो सूक्ष्मदर्शकातून चमकताना दिसतो. थोरली चमकली. धाकटी काळीच राहिली. क्लिपने तिला वाकवलं होतं. त्याने तत्काळ क्लिप काढली, श्वास घेतला, आखूड क्लिप मागितली, तिरकी लावली, पुन्हा रंग सोडायला लावला. “या खेपेला ती उजळली. शिवाय तिच्या पलीकडे आणखी एक होती, केसाएवढी. चित्रात ती नव्हतीच. तीही उजळली.”

पंखवाल्यांनी करंगळीशेजारचं बोटही हळूच उघडून पाहिलं.

आत्या शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं बांधलेलं होतं आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. जिराफ तिच्यावर वाकला. “मॅडम, उजवा हात वर करा.”

“आधी क्लिप कोणती लावलीस ते सांग.”

“आखूड, तिरकी. हात वर करा.”

“पहिल्यांदाच तिरकी लावलीस?”

“मॅडम, हात!”

हात उचलला गेला, पण अर्धाच. बोटं जड होती, अनामिका आणि करंगळी तर रुसल्यासारखी मिटलेली. जिराफाचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खोलीत सगळ्यात शांत होती ती आत्या. “क्लिप पहिल्यांदा लागली तेवढ्या वेळात धाकटी उपाशी राहिली,” ती म्हणाली, “आता तिला राग काढू दे.” नंतर तिने मला सांगितलं की हे सगळं तिने केवळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं होतं, तिची स्वतःची खात्री नव्हती.

राग हळूहळू उतरला. आठवड्याभरात हात पूर्ण वर जाऊ लागला, चमचा धरता आला, महिन्याने लिहिता आलं. ती दोन बोटं मात्र आळशीच राहिली. शर्टाचं बटण त्यांना जमतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढी शीर सोडवणं जमत नाही. सगळ्या आयुष्याची तिची कारागिरी त्या दोन बोटांच्या टेकूवर होती. ती कॉलेजात परतली तेव्हा पहिल्या दिवशी तिने चिमटा उचलला, थोडा वेळ प्रयत्न केला, खाली ठेवला आणि समोरच्या शिकाऊ मुलीला म्हणाली, “तू कर. मी सांगते.” तेव्हापासून ती सांगते आणि दुसरे करतात. तिला ते आवडत नाही. पण तिचा आवाज काही आळशी झालेला नाही, त्यामुळे सांगणं साऱ्या मजल्याला ऐकू जातं.

त्याआधी ती घरी असताना, केस पुरते वाढलेही नव्हते तेव्हा, जिराफ एका दुपारी ऑपरेशनची चित्रफीत घेऊन आला. आत्याने हट्टच धरला होता. समोरच्या खोलीत टीव्हीवर लावली. बाबा कवटीपर्यंत टिकले, मग त्यांना अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं आठवलं. आई सांगून निघून गेली की वन्संचं बाहेरचं डोकं तिला पुरे आहे. राहिलो आम्ही चौघं, त्यात पंखवालेही.

पडद्यावर फट उसवत गेली. आत्या बोलत होती. इथे घाई केलीस, इथे छान, इथे चिमटा वाकडा धरलास. मग थोरली दिसली, जाड आणि पांढरट. फुगा दिसला. त्याच्या मागून जिराफाने काहीतरी अलगद सोडवून मोकळं केलं. एक लालसर दोरा. तो हलत होता. प्रत्येक ठोक्याला टुणकन उडत होता, पुन्हा खाली येत होता.

आत्या बोलायची थांबली.

जिराफ घाबरला. “काही चुकलं का, मॅडम?”

तिने मान हलवली. “मी आजवर हिला मेलेलीच पाहिली रे,” ती म्हणाली. “शेकड्यांनी पाहिली. रबर भरलेली, गप्प पडलेली. ही उडते हे वाचलं होतं, शिकवलंही होतं. पाहिलं आज.”

जिराफाने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा लावली. दोरा पुन्हा उडू लागला. आत्याच्या अजून थोड्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पंखवाल्यांनी रुमाल काढला, पण पुढे करायचं धाडस त्यांना होईना. तो घडी घालून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. शेवटी आत्यानेच हात लांब करून उचलला.

“तुम्ही विचारणार आहात की मीच विचारू?” ती म्हणाली.

“काय?” पंखवाले म्हणाले.

“हे बघा, माझ्या डोक्यात आता फुगा नाही. तेव्हा यापुढे काही वेडगळ बोलले तर ते शुद्धीवरच बोलले असं धरून चाला.”

जिराफाने मान शक्य तितकी आखडून घेतली आणि तोही झाडांना पाणी घालायला बाहेर गेला. मी हलले नाही. असा प्रसंग सोडून जायला मी काही मूर्ख नव्हते.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. सही करताना आत्याची करंगळी कागदावर आडवी आली, म्हणून पंखवाल्यांनी ती हळूच बाजूला धरली. साक्षीदार बाबा आणि जिराफ. आता ती पंखवाल्यांच्या घरी राहते, दुकानाच्या वर. आईला वरची खोली रिकामी झाल्याचं दुःख होतं, पण ते आत्याच्या आवाजाने फार दिवस टिकू दिलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून तो आमच्यापर्यंत येतो. परवा सकाळीच ती दुकानात उभी राहून कोणा नव्या नोकरावर ओरडत होती की पंख सांध्यापासून अख्खा निघाला पाहिजे, आणि आपटला तर याद राख. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, “बरी आहे.”